चारशे डॉलरला विकलेली पिन आणि न नोंदवलेलं शिलाई मशीन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून तुम्ही एकाच तारेचा चिमटा वळवून बनवलाय, आणि सेफ्टी पिनच्या शोधकाने पेटंट अवघ्या चारशे डॉलरला विकलं हे वाचल्यापासून पेटंट घेण्यावरून तुमचं मन उडालंय. 'एवढ्या मोठ्या शोधाचं हे झालं, तर माझ्यासारख्याने या भानगडीत कशाला पडायचं?' असं तुम्ही विचारलंत. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो आणि शेवटची काही वर्षं फक्त पेटंटची ड्रॉइंग्ज काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते तुम्ही त्या माणसाच्या आयुष्यातला चुकीचा प्रसंग उचललाय.

त्याचं नाव वॉल्टर हंट. जन्म १७९६, न्यूयॉर्क राज्यातलं मार्टिन्सबर्ग. आसपास कापडगिरण्या होत्या, तेव्हा पहिला शोध जवसाच्या धाग्याची सूतकताई करणाऱ्या यंत्राचा. त्या यंत्रासाठी भांडवल उभं करायला तो न्यूयॉर्क शहरात आला आणि तिथलाच झाला. शहरात घोडागाडीखाली एक मूल सापडलेलं त्याने पाहिलं, असं सांगतात. गाडीवानाचे दोन्ही हात लगामात अडकलेले, मग त्याने पायाने वाजवायची घंटा बनवली आणि १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे चाकूला धार लावायचं साधन, दगडी कोळशाची शेगडी, खिळे पाडायचं यंत्र, दौत, फाउंटन पेन, कागदी कॉलर, सर्कशीत छतावर उलटं चालण्याचे बूट. घरात आणि रस्त्यावर जे अडतं त्याकडे त्याचं लक्ष असे. त्याची एक बंदूकही होती. ती दुसऱ्यांच्या हातून सुधारत सुधारत पुढे विंचेस्टर रायफलपर्यंत पोचली, पण तो विषय वेगळा.

आता पिन. पेटंट क्रमांक ६२८१, तारीख १० एप्रिल १८४९. पेटंटात नाव 'सेफ्टी पिन' नाहीच, 'ड्रेस पिन' आहे. ते जरूर वाचा, फार लांब नाही. टाचणीसारखं काहीतरी कपड्याला लावण्याची कल्पना आपली आहे असा दावा हंट कुठेही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. रोमन लोक तशी कडी दोन हजार वर्षांपूर्वी खांद्यावर लावत. हंटचा दावा नेमका आहे: पिन एकाच तारेची, त्याच तारेला वेटोळं देऊन केलेली स्प्रिंग, आणि टोक अडकवायला पकड. वेटोळ्यामुळे टोक आपल्याच ताणाने पकडीत बसून राहतं. बिजागरी नाही, म्हणून मोडायला किंवा झिजून सैल व्हायला काही नाही. बोटाला टोचत नाही हेही त्याने लिहिलंय. ड्रॉइंगमध्ये वेटोळ्याचे वेगवेगळे आकार दाखवलेत. एक आकार दाखवला असता तर शेजारच्या कारखानदाराने दुसरा काढून विकला असता, हे त्याला ठाऊक होतं. रोजच्या वापरातल्या वस्तूचं पेटंट असंच लिहावं लागतं. वस्तू जितकी साधी, तितकी नक्कल सोपी, आणि दाव्याचे शब्द तितके जपून.

माझ्या आईच्या मंगळसूत्राला कायम दोन पिना अडकवलेल्या असत. पदराला, तुटलेल्या चपलेच्या पट्ट्याला, पायातला काटा काढायला, सगळ्याला तीच पिन. तिचं वेटोळं हंटच्या कागदावर दिसतं तेच आहे. पहिल्यांदा ते ड्रॉइंग पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

चारशे डॉलरची गोष्ट अशी सांगतात: ड्रॉइंग काढून देणाऱ्या माणसाचं त्याच्यावर पंधरा डॉलरचं देणं होतं, ते फेडायला तो तार वळवत बसला, तीन तासांत पिन तयार झाली, आणि तिचे हक्क त्याने चारशेला देऊन टाकले. कथेतला प्रत्येक तपशील खरा धरू नका. पण पेटंटच्या मथळ्यावर हक्क रिचर्डसन आडनावाच्या दोघांना दिल्याचं छापलेलं आहे, म्हणजे मंजुरीच्या दिवशीच पिन त्याच्या हातात नव्हती. आणि चारशे डॉलर तेव्हा क्षुल्लक नव्हते. अंगमेहनतीच्या मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर मिळायचा, म्हणजे ही वर्षाहून जास्त मजुरी झाली. नुसती पेटंटची फीच तीस डॉलर होती, वर लाकडाचं किंवा धातूचं मॉडेल करून पाठवावं लागे, ड्राफ्ट्समनचे पैसे वेगळे. कारखाना नसलेल्या माणसाने शोध विकून पुढच्या शोधाचा खर्च काढणं यात मला मूर्खपणा दिसत नाही. त्याने तारेपासून काहीतरी मिळवलं, आणि नोंदवलं होतं म्हणूनच विकता आलं.

नुकसान झालं ते दुसरीकडे. १८३३-३४ च्या सुमाराला हंटने शिलाई मशीन बनवलं होतं. त्याआधी यंत्राने शिवायचे बरेच प्रयत्न हाताच्या टाक्याची नक्कल करत, आणि अडत. हंटने सुईचं नेढं टोकाशी आणलं. सुई कापडात शिरते, परत फिरताना धाग्याचा फास सुटतो, त्या फासातून खालचा धोटा दुसरा धागा ओढून नेतो, आणि दोन धागे कापडात एकमेकांना धरून बसतात. तुमच्या घरातलं मशीन आजही हाच टाका घालतं, धोट्याच्या जागी आता बॉबिन आणि तिची डबी असते एवढंच. हंटचं मशीन फक्त सरळ आणि थोडं थोडंच शिवायचं, पण मूळ तत्त्व पुरं होतं. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही. मशीन जॉर्ज ॲरोस्मिथ नावाच्या माणसाला विकलं, त्यानेही घेतलं नाही. मुलगी कॅरोलाइनने कॉर्सेट (कंबर आवळणारं बायकांचं अंतर्वस्त्र) शिवायच्या धंद्यात हे यंत्र वापरायला नकार दिला, हाताने शिवणाऱ्या बायकांचं पोट जाईल म्हणून, असंही सांगतात. मला ही गोष्ट खरी असावीशी वाटते, कारण त्या शहरात शिवणकामावर जगणाऱ्या बायकांचे हाल सगळ्यांना दिसत होते.

१८४६ मध्ये इलियास हाउ नावाच्या दुसऱ्या अमेरिकन शोधकाने टोकाशी नेढं असलेली सुई आणि धोटा यांचं पेटंट घेतलं. त्याने हंटचं मशीन चोरलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पुढे सिंगरची मशीनं खपू लागली तेव्हा हाउने खटले भरले, आणि हाउच्या आधीच कुणीतरी हे केलं होतं असं दाखवून सुटका करून घ्यायला सिंगरच्या बाजूने हंटला शोधून काढलं. जुने भाग गोळा झाले, मशीन पुन्हा उभं राहिलं, हंटने १८५३ मध्ये अर्ज केला. १८५४ मध्ये पेटंट आयुक्त चार्ल्स मेसन यांनी निकाल दिला. तो मला आजही चटका लावतो. हंट आधी होता हे त्यांनी मान्य केलं, आणि तरी पेटंट नाकारलं. अठरा वर्षं शोध झोपवून ठेवला आणि दुसऱ्याने जगाला दिल्यावर जागा केला, हे त्यांचं मुख्य कारण. हाउ पुढे प्रत्येक मशीनमागे स्वामित्वधन घेऊन श्रीमंत झाला. सिंगरने १८५८ मध्ये हंटला पन्नास हजार डॉलर द्यायचं कबूल केलं, पण पैसे मिळण्याआधीच, जून १८५९ मध्ये, हंट गेला. त्याची कबर ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड स्मशानभूमीत आहे.

आपल्या शंकर आबाजी भिसे यांचं नाव इथे निघणारच. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले, छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ओतायच्या यंत्रासाठी लंडनमध्ये झगडलेले. त्यांनी पेटंटं वेळेवर घेतली होती, त्यांची अडचण भांडवलाची होती, आणि दादाभाई नौरोजींपासून सर रतन टाटांपर्यंत (जमशेटजींचे धाकटे पुत्र) मदत मिळूनही ती पुरली नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पेटंट घेतलं की पैसा येतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. येत नाही. पण पेटंट नसेल तर विकायला आणि भांडायला हातात काहीच उरत नाही.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. खोवणीला हात कापू नये अशी युक्ती त्यांनी केली होती, खरोखर सुरेख. ड्रॉइंगसाठी कागद काढला आणि विचारलं, कुठे दाखवलीत का? म्हणाल्या, दोन वर्षं प्रदर्शनांत विकतेय. मी पेन्सिल खाली ठेवली. आपल्याकडे अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की तिचं नवेपण संपतं, आणि मग पेटंट मिळत नाही. प्रदर्शनाची बारा महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, गावातल्या मेळ्याला नाही. त्या बाई उठून जाताना 'असू दे' म्हणाल्या, ते अजून आठवतं.

तुम्ही लिहिलंय की चिमटा अजून फक्त घरच्यांनी पाहिलाय, आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचाय. तर आधी तात्पुरता अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. व्यक्तीला ऑनलाइन फी सध्या १६०० रुपये आहे. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला. त्याआधी एक रविवार काढून पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तारेचे चिमटे शोधा. पुष्कळ सापडतील, घाबरू नका. त्यांत नसलेलं तुमच्या वेटोळ्यात काय आहे, ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमलं नाही आणि फक्त आकार वेगळा निघाला, तर पेटंटऐवजी डिझाइन नोंदणीकडे वळा. तीही स्टॉल लावण्याआधीच करावी लागते.

ते वाक्य इथे मात्र टाकू नका. ही जागा सगळ्यांना दिसते.