घरचे व्हिडिओ डीव्हीडीवर कॉपी केले, पण टीव्हीच्या प्लेयरवर चालत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की लग्नाच्या आणि बारशाच्या एमपी-फोर फाइली डीव्हीडीवर कॉपी करून गावी आईबाबांना पाठवल्या. लॅपटॉपवर डिस्क चालते, त्यांच्या जुन्या प्लेयरवर नाही. डिस्क खराब नाही आणि प्लेयरही बिघडलेला नाही. तुमच्याकडून झाली ती डेटा डिस्क, म्हणजे नुसत्या फाइली ठेवलेली, आणि त्या प्लेयरला लागते व्हिडिओ डिस्क.

जुन्या प्लेयरला एमपी-फोर कळत नाही. त्याला व्हिडिओ एमपेग-२ या प्रकारात हवा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. शिवाय तो व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी आणि आयएफओ फाइलींच्या ठरलेल्या मांडणीत असावा लागतो. हे सगळं सॉफ्टवेअर करतं. मी डीव्हीडीस्टायलर वापरतो. फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं. नवा प्रोजेक्ट घेताना पाल निवडा, फाइली आत ओढा, आणि थेट डिस्क राइट न करता आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत, बनवून घ्या.

व्हिडिओ मोबाइलवर काढलेले असतील तर एक काम आधी करा. मोबाइल फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त करतो, त्यामुळे डीव्हीडी झाल्यावर आवाज ओठांच्या मागेपुढे जातो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल एकदा काढून घेतली की हा त्रास टळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. तासाभराचा व्हिडिओ असेल तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा, ८ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला ८ मेगाबिट) ठेवता येतो आणि चित्र छान येतं. दोन तासांना तो साडेचार-पाचच्या आसपास येतो, तेही चालेल. पण चार तासांचं अख्खं लग्न एकाच डिस्कवर कोंबू नका. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण बघा: तांदळाचे दाणे, उडणारे हात, वरून फ्लॅश. बिटरेट कमी पडला की नेमके तिथेच चित्राचे चौकोन चौकोन होतात, आणि घरातल्यांना पुन्हापुन्हा बघायचं असतं तेच. दोन डिस्क करा, सकाळचे विधी एकीवर आणि रिसेप्शन दुसरीवर. आयएसओ तयार झाली की व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून अक्षतांचा हाच भाग तपासा, मगच डिस्क घाला.

चॅप्टर पाडायला आळस करू नका. सीमांतपूजन, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी अशा जागी खुणा केल्या की रिमोटवर नेक्स्ट दाबून आई स्वतः हवं तिथे पोचते, कुणाची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल तेवढ्यातच आहे. मेनू ठेवलात तर अक्षरं मोठी घ्या आणि कडेला चिकटवू नका, कारण जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडा कापल्या जातात. आईबाबांना मेनूची सवय नसेल तर तो ठेवूच नका, डिस्क घातली की लगेच चालू होऊ दे.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या. पुन्हापुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे झिजलेल्या लेन्सला ती वाचताना त्रास होतो. आयएसओ इमगबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरने ४एक्स किंवा ८एक्स वेगाने लिहा आणि शेवटी व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेल्याची तपासणी, होऊ द्या. डिस्क फायनलाइझ झालेली, म्हणजे लिहिणं पुरं करून बंद केलेली हवी, नाहीतर प्लेयर ती रिकामीच समजेल. वर कागदी स्टिकर लावू नका, फिरताना तोल जातो. नाव सीडी मार्करने लिहा, बॉलपेनने नाही.

मागे यूएसबीचं छिद्र असलेला टीव्ही त्यांच्याकडे असेल तर पेनड्राइव्हवर एमपी-फोर घालून आधी ते करून बघा. बऱ्याच टीव्हींवर चालतं. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणार नाही, तुकडे करावे लागतील.

आणि डीव्हीडी झाली म्हणून लॅपटॉपवरच्या मूळ फाइली पुसू नका. त्या बहुधा १९२० बाय १०८० च्या असतील. डीव्हीडीत उतरताना त्यातलं बरंच जातं आणि ते परत मिळत नाही. एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाच.