एखादा देश बहुतांश इंधन आयात करत असेल, तर त्याची ऊर्जासुरक्षा धोक्यातच असते का?

नाही, धोका आयातीच्या प्रमाणापेक्षा ती किती पुरवठादारांकडून व कोणत्या मार्गांनी होते आणि पुरवठा खंडित झाल्यास साठा किती दिवस पुरेल, यांवर अधिक अवलंबून असतो. जर्मनीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे: 2022 पूर्वी तिच्या नैसर्गिक वायूच्या आयातीपैकी निम्म्याहून अधिक वायू एकट्या रशियाकडून नळवाहिन्यांनी येत असे आणि जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवून घेण्यासाठी स्वतःचे एकही टर्मिनल नसल्यामुळे, रशियाचा पुरवठा आटल्यावर विक्रेता बदलणेही तिला सहजासहजी शक्य झाले नाही; तसे पहिले टर्मिनल डिसेंबर 2022 मध्ये विल्हेल्म्सहाफेन येथे सुरू झाले. खनिज तेलाच्या बाबतीत हा धडा जगाला 1973 मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी काही देशांना तेल देण्यावर घातलेल्या निर्बंधांनीच मिळाला होता. त्यानंतर 1974 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नियमानुसार तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांना किमान 90 दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा राखावा लागतो. मात्र साठा भाववाढीपासून फारसे संरक्षण देत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. तेलाचा भाव जागतिक बाजारात ठरत असल्याने होर्मुझच्या सामुद्रधुनीत (पर्शियन आखातातील तेलाची जहाजे बाहेर पडण्याच्या अरुंद समुद्रमार्गात) तणाव वाढला, की तेथून एक थेंबही न घेणाऱ्या देशाला, अगदी स्वतःपुरते तेल काढणाऱ्यालाही, ते महागच पडते. त्या झळीवर खात्रीचा उपाय एकच दिसतो, तो म्हणजे तेलाचा वापर कमी करणे, आणि त्याला वर्षे लागतात.