शार्लट लुकसने मागची खोली का निवडली?

तुम्ही विचारलंय की जुन्या ब्रिटिश-अमेरिकन कादंबऱ्यांत नायिकेच्या मैत्रिणी, शेजारणी नुसत्या तोंडी लावायलाच असतात का. पुष्कळदा असतात. पण जेन ऑस्टिन वाचलीत तर असं म्हणवणार नाही.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली (१८१३) शार्लट लुकस बघा. वय २७, रूप बेताचं, गाठीला पैसा नाही. आपल्याकडे सरळ घोडनवरी म्हणाले असते. नायिका एलिझाबेथची ही मैत्रीण. एलिझाबेथने नाकारलेले पाद्री मिस्टर कॉलिन्स तीन दिवसांच्या आत हिला मागणी घालतात आणि ही हो म्हणते. कॉलेजात वाचताना मला तिचा रागच आला होता. पुढे एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते, तो भाग तेव्हा मी भराभर उलटला असणार. मोठी, छान खोली सोडून शार्लट रोज मागच्या खोलीत का बसते, याचं एलिझाबेथला आधी नवल वाटतं. मग उलगडतं. नवऱ्याची खोली रस्त्याकडची, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या दिसणारी. बायकोची खोली तितकीच छान असती, तर स्वारी सारखी तिथेच येऊन बसली असती! शिवाय तब्येतीला बरं म्हणून ती त्यांना बागकामाला पिटाळते, ते वेगळंच.

ऑस्टिनच्याच 'एमा'मधली मिस बेट्स हिच्या उलट, तोंडाला विराम नाही. वडील गावचे पाद्री होते. ते गेल्यावर म्हाताऱ्या आईला घेऊन तुटपुंज्या पैशांत दिवस काढतेय. बॉक्स हिलच्या सहलीत नायिका एमा तिला सगळ्यांदेखत टोमणा मारते: कंटाळवाण्या गोष्टी सांगा, पण एका वेळी तीनच हं! बाईंना तो पटकन कळतच नाही. कळतो तेव्हा चेहरा जरासा लाल होतो, आणि चिडायचं सोडून त्या स्वतःलाच दोष देतात. ते पान मला अजूनही पटकन वाचून टाकावंसं वाटतं.

अमेरिकेत अफाट खपलेल्या सुझाना रोसनच्या 'शार्लट टेंपल'मध्ये (लंडन १७९१, फिलाडेल्फिया १७९४) शाळेतली फ्रेंच शिक्षिका ला रू आहे. कोवळ्या शार्लटला नादी लावते, पुढे ती गरोदर आणि निराधार होऊन दारात आली तर ओळखही दाखवत नाही. शेवटी ही बाई स्वतःच कंगाल होऊन शार्लटच्या आईवडिलांच्या दारी येते. पापाचा हिशेब जरा जास्तच चोख झाला, नाही का?

ऑस्टिन आपल्या शार्लटला असली शिक्षा करत नाही. एलिझाबेथ परत निघते तेव्हा शार्लट आपल्या घरात, कोंबड्यांत रमलेली असते. निदान तोवर तरी.