रिकामं पिस्तूल आणि न थांबणारा सराव

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं एअर पिस्तूलमध्ये पदकं मिळवली, पाठोपाठ जवळच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये मिळवलं आणि साताऱ्यातही नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागले. प्रश्न बहुधा एकच असतो: घरात रोज पिस्तूल रोखून उभं राहिल्यानं पोराच्या डोक्यावर परिणाम होईल का? तिरंदाजीबद्दल असं कुणी विचारत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, त्यामुळे धनुष्याचं आता कौतुकच असतं. पिस्तूल म्हटलं की पोटात गोळा येतो.

त्यातलं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी अकरावीतली. आई म्हणाली, "मॅडम, रात्री जेवणं झाली की ही आतल्या खोलीत भिंतीकडं हात करून उभी. हाक मारली तर ओ देत नाही. अर्धा तास म्हणते आणि साडेअकरा वाजवते. कुणावर राग बिग धरून बसली असंल का हो?" सोबत आजोबा होते, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा आक्षेप वेगळा होता. "हत्यार रिकामं आहे असं धरून चालायचंच नाही. आम्हाला पहिल्या दिवशी हेच घोटवलं."

आजोबांचं म्हणणं मी तिथल्या तिथं मान्य केलं. छर्रे दुसऱ्या खोलीत, कुलपात. सरावाआधी पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं घरातल्या एका मोठ्या माणसाला दाखवायचं. तोंड बाहेरच्या पक्क्या भिंतीकडं. दार, खिडकी किंवा पलीकडं माणसं वावरतात अशा पातळ भिंतीकडं नाही. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नाही. आणि गॅलरीत तर मुळीच नाही, समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसानं काय समजायचं? तपासणीचं काम आजोबांकडंच दिलं. त्यांचा अर्धा विरोध तिथंच मावळला.

आता मुलीकडं. ड्राय फायर म्हणजे छर्रा न घालता पूर्ण शॉट करायचा: हात उचलायचा, खाली आणून स्थिरावायचा, ट्रिगर दाबायचा आणि नंतरही क्षणभर तसंच थांबायचं. दहा मीटर एअर पिस्तूल एका हातानं चालवतात. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन लागतं आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त ११.५ मिलिमीटरचं. छर्रा असला की लक्ष गुणांकडं पळतं. तो नसला की ट्रिगर सुटताना पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलली का, तेवढंच दिसतं. म्हणून जगभरचे नेमबाज हे करतात. स्पर्धेच्या पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलावर मात्र हा प्रयोग नको, आतला पिस्टन आपटून खराब होतो. रागाचा या सगळ्याशी संबंध नाही. हाक ऐकू न येणं हे तर त्या कामाचंच लक्षण.

तरीही मी मुलीला एकटीला बसवून सरळ विचारलं: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावी असं मनात येतं का? हे मी सगळ्यांनाच विचारते. विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं असतं, तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर गेलं असतं आणि मुलगी मानसोपचारतज्ज्ञांकडं. (अशा वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कुणालाही लावता येतो.) ती हसली. "नाही मॅडम. मला फक्त शेवटचा नीट पाहिजे असतो."

या 'शेवटच्या'पाशी मी थांबले. तिची सरावाची वही मागवली. सुरुवातीची पानं नेटकी होती: तारीख, तीस शॉट, शेजारी बरोबर किंवा 'झटका', म्हणजे ट्रिगर दाबताना हात हलला. मग एका स्पर्धेची तारीख होती. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं आणि शेवटच्या दहात घसरण. त्यानंतर तिसाच्या खाली रेघ मारून 'परत' लिहिलेलं. पुढच्या पानावर दोनदा. मग 'परत, परत, परत' अशी ओळच, आणि पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उमटलेलं.

आईची काळजी चुकीच्या जागी होती, पण काहीतरी बिनसलंय हे तिनं अचूक हेरलं होतं. ड्राय फायरला गुण नसतात, म्हणजे 'झालं' असं सांगणारं बाहेरचं कुणी नसतं. चांगला खेळाडू ती रेघ स्वतः ओढतो. स्पर्धेत घाबरलेलं मूल ती ओढू शकत नाही. कुलूप लावून चार पायऱ्या उतरल्यावर पुन्हा ओढून बघायला जाणाऱ्या माणसासारखं त्याचं होतं. प्रत्येक 'परत'नं घटकाभर बरं वाटतं आणि उद्याचं 'परत' पक्कं होतं. शिवाय दमलेल्या हातानं केलेले शॉट झटक्याचेच असणार.

तिच्या परवानगीनं मी प्रशिक्षकांशी बोलले. तंत्र हे माझं काम नाही. आकडा त्यांनीच कमी केला: वीस, तेही जेवणाआधी. माझी अट एकच. विसावा शॉट कसाही झाला तरी पिस्तूल डब्यात. वाईट झाला तर उत्तमच, कारण खरा सराव तिथून पुढं होता. हात शिवशिवतात, छातीत कसंतरी होतं, झोप लागणार नाही असं वाटतं. ते दुरुस्त न करता तसंच राहू द्यायचं. दुसरं, हात स्थिरावला नाही तर ट्रिगर न दाबता खाली घ्यायचा आणि वहीत त्याची 'बरोबर' अशीच नोंद करायची. हे तिला पटायला वेळ लागला. तिच्या लेखी हात खाली घेणं म्हणजे हरणं होतं.

आईला एवढंच सांगितलं की "बास झालं आता" असं बाहेरून ओरडायचं नाही. थांबायचं ते तिनं तिच्या आकड्यावर.

पहिल्या आठवड्यात ती दोनदा डबा पुन्हा उघडून बसली आणि वहीत तसं लिहिलंही. मग हळूहळू 'परत' विरळ झालं. पुढच्या स्पर्धेत शेवटच्या दहात ती पुन्हा घसरली, पण त्या रात्री वीसवर थांबली. माझ्या हिशेबानं निकाल तो. पदकाचं प्रशिक्षक बघतील.

मध्यंतरी आईचा फोन आला. "आता वेळेवर जेवायला येते हो. पण मॅडम, एवढी शिस्त आहे तर फिजिक्सचं पुस्तक का उघडत नाही ती?"

त्यासाठी त्यांना वेगळी वेळ दिली आहे.