सासूबाईंचा वाटी-चमचा

मावशी, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. २१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिन. त्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कार्यक्रम ठेवलाय. मुलांसाठी विजोड मोज्यांचे साठ जोड मागवलेत, बाळाच्या फोटोचा बॅनरही तयार आहे. पण सासूबाई म्हणतात, 'लोकांना कशाला दाखवायचं?' त्यांनी त्याला मनापासून स्वीकारलेलंच नाही. सारख्या त्याच्या पाठीमागे वाटी-चमचा वाजवून बघतात, माझं डोकंच फिरतं. एवढं गुणी बाळ, कुकरच्या शिट्टीनेही उठत नाही! सासूबाईंना कसं समजावू?

अगं, त्या वाटी-चमचा का वाजवतात, हे एकदा तरी विचारलंस का? आपल्या नातवाला ऐकू येतंय की नाही, ही शंका घरात एकट्या त्यांनाच आली आहे. तू मोजे मोजत बसलीस. कुकरच्या शिट्टीने न उठणाऱ्या बाळाला गुणी म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्याचे कान तपासायचे असतात.

जन्मल्यावर ओएई, म्हणजे नवजात बाळाच्या कानांची चाचणी, झाली, फाइलमध्ये 'पास' लिहिलंय, असं म्हणशील. ती चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीच्या कानांची. या मुलांच्या मधल्या कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, ती उघडणारे स्नायू ढिले. मग पडद्यामागे पाणी साठतं आणि हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. ठणका नाही, ताप नाही, कान वाहत नाही; कळणार कसं? डाउन सिंड्रोमच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या ऐकण्यात कधी ना कधी अशी खोट येते. म्हणून सहाव्या महिन्यात पुन्हा तपासणी, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी. तुझे दोन महिने आधीच गेलेत.

सासूबाईंच्या परीक्षेतही गफलत आहे, तीही सांगते. वाटीचा टणत्कार मोठा असतो. पाणी साठलेल्या कानालाही तो ऐकू जाईल, बाळ वळेल, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. 'ये', 'दूध', 'बाबा' हे हळू आवाजातले शब्द मात्र त्याला उशीतून आल्यासारखे पोचत राहतील. बोलणं मागे पडतं ते असं, आणि सगळे त्याचं खापर डाउनवर फोडून मोकळे होतात.

तेव्हा याच आठवड्यात आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कानाचं भोक बारीक असल्यामुळे नुसता मळही बोळ्यासारखा बसतो. तो काढून घ्यायचा, घरी तेल ओतायचं नाही. मग बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. तुला वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची संस्था आहे, वेळ आधी घेऊन ठेव.

बेरा बाळ गाढ झोपलेलं असतानाच होते, आणि बहुतेकांची फेरी इथेच फुकट जाते. त्या दिवशी त्याला पहाटेच उठव. डोक्याला तेल लावू नकोस. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, तेलकट त्वचेवर ते सुटतात. लोकलमध्ये झोपू देऊ नकोस. डोंबिवली ते दादर त्या हेलकाव्यात तो हमखास पेंगणार. तिथे डुलकी झाली की वांद्र्याला टक्क डोळे. दूध तिथे पोचल्यावर पाज. झोपेचं औषध देऊ म्हणाले तर आधी हृदयाचा इको रिपोर्ट दाखव, घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल तर तेही सांग, आणि औषधाआधी किती वेळ पोट रिकामं हवं ते त्यांनाच विचार.

आणि जाता जाता त्याचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे. जन्मावेळचं थायरॉइड ठीक असलं तरी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा बघायचं असतं, मग दरवर्षी. फार झोपणारं, कमी रडणारं, शी कडक होणारं बाळ 'शांत' म्हणून कौतुकाचं होतं आणि थायरॉइड राहून जातं.

मोज्यांचं मला वावडं नाही. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. गुणसूत्रांची जोडी मोज्यांसारखी दिसते, म्हणून मोजे. एवढं सोसायटीतल्या मुलांना दोन मिनिटांत सांगून होईल. उरलेल्या वेळात त्यांना शिकव, की बाळाशी बोलायचं तर मागून हाक मारायची नाही. समोर, हातभर अंतरावर बसायचं, एकच छोटा शब्द, सोबत हाताची खूण, आणि मग मनात दहापर्यंत आकडे मोजून त्याची वाट बघायची. बॅनर लाव नाहीतर लावू नकोस.

वांद्र्याला जाताना सासूबाईंना बरोबर घे. गाडीत त्याला जागं ठेवायला कुणीतरी लागेलच, आणि वाटी-चमचा त्यांच्याकडे आहेच.