मर्सेड काउंटीत येताना आरोग्यसेवेविषयी काय माहीत असावे

नमस्कार. तुमच्या यजमानांना कॅलिफोर्नियातल्या मर्सेडच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली असून चार वर्षांच्या मुलीसह तुम्ही येत आहात, हे वाचून आनंद झाला. विमा सुरू होईपर्यंत सरकारी दवाखान्यावर भागेल का, मुलीच्या लसींचे काय, आणि नंतर येणाऱ्या मधुमेही सासूबाईंना कुठे दाखवायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी नऊ वर्षे याच काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

जिल्हा रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला सार्वजनिक आरोग्य विभाग असतो. पण मर्सेडमध्ये या विभागाचे स्वतःचे रुग्णालय नाही. लसीकरण, क्षयरोगाचा पाठपुरावा, साथींवर नजर, जन्ममृत्यूचे दाखले आणि उपाहारगृहांची तपासणी ही त्याची मुख्य कामे. तापखोकल्यासाठी जायचे ते संघीय, म्हणजे येथील केंद्र सरकारच्या, अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रात. तेथे विमा नसलेल्यांनाही पाहतात आणि उत्पन्नाचा पुरावा दाखवल्यास शुल्कात सवलत देतात. म्हणून नेमणुकीचे पत्र जवळ ठेवा. १९८६ च्या कायद्यामुळे आपत्कालीन विभाग कोणालाही तपासल्यावाचून परत पाठवू शकत नाही, परंतु बिल नंतर घरी येतेच, हे विसरू नका.

लसींच्या बाबतीत मात्र आताच हालचाल करा. २०१६ पासून या राज्यात वैयक्तिक श्रद्धेच्या कारणाने शाळेच्या लसींतून सूट मिळत नाही. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस येथे धरला जात नाही. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस लागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नसल्याने तीही बहुधा राहिलेली असेल. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक डोसची तारीख इंग्रजीत, सहीशिक्क्यासह लिहून घ्या. विमा नसलेल्या १९ वर्षांखालील मुलांना १९९४ पासून चालू असलेल्या संघीय योजनेतून लस विनामूल्य मिळते, त्यामुळे खर्चाच्या भीतीने डोस लांबवू नका.

आमच्या मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी एका दवाखान्यात क्षयरोगाची त्वचाचाचणी केली. तिसऱ्या दिवशी हातावर रुपयाएवढा लाल, टणक उंचवटा उठला, आणि आम्हांला केवळ ‘चाचणी सकारात्मक’ असे सांगून छातीच्या क्ष-किरण तपासणीला धाडले. मी दोन रात्री झोपले नाही. पुढे दुसरीकडे आग्नेय आशियातील हमोंग समाजाच्या एका परिचारिकेने त्याची बाही वर सारली, दंडावरची बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची, खूण बोटाने दाखवली आणि म्हणाली, ‘आमच्या घरातही सगळ्यांना ही आहे.’ तिचे आईवडील लाओसमधून थायलंडच्या निर्वासित छावणीमार्गे येथे आले होते. बीसीजीमुळे त्वचाचाचणी फसवी ठरू शकते. म्हणून तुम्ही पहिल्यापासूनच रक्ताची चाचणी मागा.

येथे निम्म्याहून अधिक लोक लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकी घराण्यांतले, आहेत. शिवाय हमोंग, लिव्हिंग्स्टनकडचे पंजाबी शीख आणि दुग्धव्यवसायातील पोर्तुगीज कुटुंबे आहेत. या मिश्र वस्तीने दवाखान्यांनाही पुष्कळ शिकवले आहे: येथील रुग्णालयाने हमोंग शामनांना, म्हणजे त्यांच्या पारंपरिक विधी करणाऱ्या वैदूंना, रुग्णाच्या खाटेपाशी ठरावीक विधी करू देण्याचा रीतसर नियम केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. संघीय निधी घेणाऱ्या संस्थेने दुभाषाची सोय करायची असते. सासूबाईंसाठी नोंदणीच्या वेळीच ‘मराठी’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर नुसते ‘इंडियन’ ऐकून पंजाबी दुभाषा जोडला जाण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी प्रवासी विमा अवश्य घ्या. मात्र बहुतेक योजनांत आधीपासूनचा मधुमेह वगळलेला असतो, तेव्हा अटी नीट वाचा आणि औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणा.

तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत, ही येथील खरी अडचण. अनेकदा फ्रेस्नो किंवा मोडेस्टो ही जवळची शहरे गाठावी लागतात. २०२३ च्या जानेवारीत शेजारच्या मडेराचे रुग्णालय बंद पडले, तेव्हा आसपासच्या रुग्णालयांवरचा ताण वाढला. त्यामुळे आल्याबरोबर नियमित डॉक्टर ठरवून नाव नोंदवून टाका; आजारी पडल्यावर शोधू नका.

मर्सेड ज्या सॅन होआकिन खोऱ्यात आहे, तेथल्या धुळीत एक बुरशी असते आणि तिच्यामुळे ‘व्हॅली फीवर’ होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, पण मधुमेहींना त्याचा त्रास अधिक होऊ शकतो. खोकला, ताप आणि थकवा काही आठवडे राहिला, तर डॉक्टरांकडे या रोगाच्या रक्तचाचणीचा विषय तुम्हीच काढा. आणि शहराबाहेर शेताजवळ घर घेणार असाल, तर पाणी नळाचे की खासगी विहिरीचे, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारा. खतांमुळे येथील विहिरींत नायट्रेट हे आरोग्याला अपायकारक रसायन आढळते, खासगी विहिरीच्या तपासणीची जबाबदारी मालकावरच असते, आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही.