चोवीस तास बातम्या: परवडलं कसं आणि चाललं कसं?

प्रश्न : दिवसरात्र बातम्या दाखवायला पहिल्यांदा सीएनएनने सुरुवात केली असं वाचलं. पण अमेरिकेत तेव्हा तीन मोठी नेटवर्क होतीच ना, मग या नव्या गड्याला एवढा खर्च परवडला कसा?

उत्तर : होती की, एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. पण तिघांच्याही संध्याकाळच्या मुख्य बातम्या अर्ध्या तासाच्या, त्यातून जाहिराती वजा केल्या की उरतात बावीसेक मिनिटं. म्हणजे रात्री उशिरा जगात काही घडलं तर बसा सकाळपर्यंत वाट बघत.

गंमत अशी की सीएनएन काढणाऱ्या टेड टर्नरला स्वतःला बातम्यांचं काडीचं प्रेम नव्हतं. वडिलांचा होर्डिंगचा धंदा हातात आलेला, १९७० मध्ये त्याने अटलांटातलं एक डबघाईला आलेलं स्टेशन घेतलं आणि त्यावर जुने सिनेमे, जुन्या मालिका, बेसबॉल असलं लावायला सुरुवात केली. बातम्या नियमापुरत्या, त्याही मध्यरात्र उलटल्यावर, आणि तिथला निवेदक बिल टश त्या वेळेत वाट्टेल तो धिंगाणा घालायचा, एकदा तर शर्ट-टाय घातलेला जर्मन शेफर्ड शेजारी बसवून बातम्या दिल्या बुवाने!

खरी मेख पुढे आहे. डिसेंबर १९७६ मध्ये हे स्टेशन सॅटेलाइटवर गेलं आणि अटलांटाचं चॅनल देशभरच्या केबलवाल्यांना घेता यायला लागलं. टर्नरच्या डोक्यात तिथे हिशोब बसला की सॅटेलाइटचं भाडं एकदा भरलं की खाली शंभर घरं बघोत नाहीतर लाखभर, भाडं तेवढंच. मग सीएनएनसाठी त्याने केबलवाल्यांकडून दर घरामागे महिन्याला काही सेंट घ्यायचे ठरवले, वर जाहिराती वेगळ्या. मोठ्या तिघांकडे मुख्यतः जाहिरातींचाच पैसा होता, कारण त्यांचं चॅनल अँटेना लावला की फुकट दिसायचं. माझ्या मते सीएनएन तगलं ते या दोन खिशांमुळे, बाकी टर्नरच्या धाडसाच्या कहाण्या वाचायला मस्त आहेत पण त्यातून पगार निघत नाहीत.

आणि पगारही काय, अटलांटात युनियन नाही म्हणून नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं तुटपुंज्या पैशात राबवली, कॅमेरा पण तीच धरणार आणि स्क्रिप्टचे कागद पण तीच पळवणार. भांडवलासाठी टर्नरने शार्लट शहरातलं आपलं दुसरं स्टेशन २ कोटी डॉलरला विकायला काढलं. त्यात डिसेंबर १९७९ मध्ये ज्या सॅटकॉम ३ वर जागा ठरली होती तो उपग्रह सोडल्यावर चार दिवसांत हरवलाच, मग कोर्टकचेरी करून सॅटकॉम १ वर जागा मिळवली. शेवटी १ जून १९८० ला चॅनल लागलं, घरं साधारण १७ लाख. चुका इतक्या व्हायच्या की धंद्यातले लोक सीएनएन याच अक्षरांवरून त्याला चिकन नूडल नेटवर्क म्हणायचे. १९८२ मध्ये एबीसी आणि वेस्टिंगहाउसने मिळून तसंच चॅनल काढून बघितलं, पण पुढच्याच वर्षी टर्नरने ते अडीच कोटी डॉलर मोजून विकत घेतलं आणि बंद करून टाकलं.

प्रश्न : मग लोक सीरियसली कधी घ्यायला लागले?

उत्तर : दोन तारखा लक्षात ठेवा. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान (स्पेस शटल) आकाशात झेपावलं तेव्हा शटल म्हणजे नेहमीचंच झालेलं, त्यामुळे तिन्ही मोठ्या नेटवर्कनी लाइव्ह दाखवायचे कष्ट घेतले नाहीत, सीएनएन दाखवत होतं, आणि ७३ व्या सेकंदाला यान हवेतच फुटलं ते त्यांच्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसलं.

दुसरी तारीख १७ जानेवारी १९९१, आखाती युद्धात अमेरिकेचे बॉम्ब पडायला लागले ती बगदादची पहाट. अल रशीद हॉटेलात सीएनएनचे पत्रकार बर्नार्ड शॉ, पीटर आर्नेट आणि जॉन हॉलिमन अडकलेले. सीएनएनने आधीच खटपट करून फोर-वायर नावाची फोन लाइन घेऊन ठेवली होती, जी गावातल्या एक्स्चेंजवर अवलंबून नव्हती, त्यामुळे बॉम्ब पडायला लागल्यावर बाकीच्यांचे फोन गेले आणि यांचा चालूच. खिडकीतून बघून तिघं सांगतायत, मध्येच माइक बाहेर धरतायत, आणि पडद्यावर काय, तर नकाशा आणि तिघांचे फोटो! टीव्ही चॅनलची सगळ्यात गाजलेली रात्र रेडिओसारखी गेली बघा. खुद्द अमेरिकेचे संरक्षणमंत्री डिक चेनींनी बगदादच्या वार्तांकनाबद्दल सीएनएनचं कौतुक केलं.

प्रश्न : पहिल्या दिवशी बातम्या कुणी दिल्या?

उत्तर : डेव्हिड वॉकर आणि लोइस हार्ट, नवरा-बायको. राष्ट्राध्यक्ष कार्टर गोळीबारात जखमी झालेले नागरी हक्क नेते व्हर्नन जॉर्डन यांना बघायला फोर्ट वेनच्या हॉस्पिटलात गेले होते, ती पहिली बातमी.